पातं तेच

गेल्या दिवाळीत धाकट्यानं पुण्याहून एक पार्सल पाठवलं. खोकं हातात घेतलं तर वजनाला चांगलं जड. बायको म्हणाली, "घड्याळ दिसतंय." मी म्हणालो, "घड्याळ बघून मी आता कुठली गाडी गाठणार आहे?" उघडलं तर आत काळ्या मखमलीत निजवलेलं दाढीचं मशीन. तीन भागांचं, पितळी, वर चकचकीत मुलामा दिलेला. मुठीला हात घसरू नये म्हणून बारीक खाचा. शेजारी लाकडी मुठीचा ब्रश, मशीन टांगून ठेवायचं स्टँड, पात्यांचं एक पाकीट आणि जाड कागदावर छापलेली एक घडीची पुस्तिका. त्या पुस्तिकेचा मथितार्थ असा, की आजोबांच्या काळातला तो निवांत, राजेशाही दाढीचा वारसा आता पुन्हा तुमच्या हाती येत आहे.

किंमत पोरानं सांगितली नव्हती. ती नातवानं फोनवर फोडली. पाच हजाराला एक रुपया कमी.

मी खोकं बंद केलं आणि ओसरीवर जाऊन बसलो. आजोबांच्या काळातला वारसा! माझा आजा गावचा न्हावी होता. माझा बापही गावचा न्हावी होता. त्यांच्या काळातली दाढी कशी होती, कोणाची होती आणि कोणाची नव्हती, हे मला कोणी छापून सांगायची गरज नाही. त्या मशीनशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते त्या पुस्तिकेशी, आणि तिच्यासारखं बोलणाऱ्या शहाण्या माणसांशी.

पण भांडायच्या आधी मशीन वापरून बघितलं पाहिजे. न वापरताच नावं ठेवायला आपण काही पुढारी नाही.

मी सदतीस वर्षं मास्तर होतो. शाळेत रोज दाढी करून जायचं हा माझा नेम. सुरुवातीची वीसेक वर्षं साधं सेफ्टी रेझर वापरलं. मग पोरांनी दोन पात्यांचं, तीन पात्यांचं असं करत करत प्लॅस्टिकचं मशीन हातात दिलं. ते गालावर कसंही दाबलं तरी फारसं कापत नाही, कारण त्याची मुंडी हलती असते. हाताला काही येत नसलं तरी चालतं. हे पितळी तसं नाही. पहिल्या दिवशी सवयीनं दाबून ओढलं आणि जबड्याखाली दोन ठिकाणी कापून घेतलं. न्हाव्याचा पोर मी, आणि तुरटीचा खडा शोधत घरभर फिरतोय! बायको पदराआड हसली.

दुसऱ्या दिवशी आबांचा हात आठवला. आबा म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, "वस्तऱ्याला जोर लावायचा न्हाय, वस्तऱ्याला वाट दावायची." तसं केलं. आधी गरम पाण्यानं दाढी भिजवली, फेस चांगला मुरू दिला. मशीन गालाशी थोडं तिरकं, साधारण तीस अंशांवर धरलं आणि नुसत्या त्याच्या वजनावर खाली येऊ दिलं. हात आखूड ठेवला. पहिला हात केसाच्या दिशेनं, पुन्हा फेस, मग दुसरा हात आडवा. पातं केस तोडतं त्याचा एक बारीक खर्रखर्र आवाज येतो, तो आवाज बदलला की समजायचं, कोन चुकला. आठवडाभरात हात बसला. तीन आठवड्यांनी मी स्वतःशी कबूल केलं, की दाढी झकास होते. मानेवर पुरळ उठायचं ते थांबलं. जड मुठीमुळं हात स्थिर राहतो आणि वयाची थरथर झाकली जाते. वस्तू चांगली आहे. हे मी आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला चांगलं काही बघवत नाही.

मग एक दिवस ते मशीन रुमालात गुंडाळून तालुक्याला पुतण्याच्या दुकानात नेलं. पुतण्याचं सलून आहे, तीन खुर्च्यांचं. सोमवारी बंद, बाकी सहा दिवस गर्दी. त्यानं मशीन तळहातावर तोललं, मूठ फिरवून सोडवली, तिन्ही भाग काउंटरवर मांडले.

"तात्या, ह्यात पातं कंचं बसतं?"

"तेच. तुझ्या खणात आहे तेच."

त्यानं खणातलं पाकीट काढलं, पातं घातलं, मूठ आवळली. चपखल बसलं. त्यानं पुन्हा उघडलं, पातं काढलं, मधोमध मोडलं, अर्धं आपल्या उस्तऱ्यात सरकवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या मानेला फेस लावत म्हणाला, "मग पैशे कशाचे घेतले?"

पुतण्या दहावी नापास आहे. पण त्या पुस्तिकेतल्या चार पानांना त्यानं चार शब्दांत झोपवलं. गालाला लागतं ते पातं. पाच हजारांच्या मशीनमध्ये तेच, आमच्या आठवडी बाजारात दीड-दोनशेला मिळणाऱ्या मशीनमध्ये तेच आणि न्हाव्याच्या उस्तऱ्यात अर्धं मोडून तेच. मूठ जड असली की बरं वाटतं, बनावट नेटकी असली की पातं सरळ बसतं, हा फरक मी नाकारत नाही. पण तो दोनशे आणि पाच हजार यांच्यातला फरक नाही. मधले हजारो रुपये त्या 'राजेशाही' ह्या शब्दाचे आहेत. म्हणून तो शब्द आता तपासू.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस पडला तर पडला. आबांकडं गावातली साठ-सत्तर घरं होती. साठ-सत्तर घरांतल्या सगळ्या पुरुषांची डोकी आणि दाढ्या, पोरांची जावळं, नवरदेवाची हजामत, दहाव्याला नदीकाठी भादरणं, सोयऱ्याधायऱ्यांचं अंग रगडणं, लग्नाची निरोपानिरोपी, हे सगळं आबांचं काम. धोकटी काखेत मारून दिवस उगवायच्या आत निघायचे. धोकटीत दोन वस्तरे, एक कातर, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, दगड आणि कातडी पट्टा. साबण नसायचाच. पाण्यानं गाल चोळचोळून मऊ करायचे. पंधरा दिवसांची वाढलेली दाढी नुसत्या पाण्यावर काढताना माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कोणी शिवी हासडायचा, कोणी आबांचा हात झटकायचा. राजेशाही!

आणि मोबदला? वर्षातून एकदा, सुगीला. ज्वारीच्या खळ्यावर आई पाटी घेऊन उभी राहायची. घरटी दोन-चार पायल्या ठरलेल्या. पण ठरलेलं देणं आणि हातात पडणं यांत खळ्याएवढं अंतर असायचं. रास मापून होईपर्यंत आई उन्हात उभी. "यंदा कुठं पिकलंय?" हे वाक्य पिकलेल्या वर्षीही ऐकू यायचं. मग तळातली, माती मिसळलेली ज्वारी पाटीत पडायची. आई ती घरी आणून तीन वेळा पाखडायची. मी पाचवीत असताना एकदा म्हणालो, "आई, मास्तरला पगार महिन्याला मिळतो. आबांना वर्षाला का?" आई म्हणाली, "मास्तर सरकारचा हाय, तुजा बा गावाचा हाय." गावाचा म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. ज्याचा पगार ठरत नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, तो गावाचा.

मध्यंतरी तालुक्याला एका कार्यक्रमात एक वक्ते बलुतेदारीवर बोलले. एकमेकांना धरून राहणारा गाव, पैशावाचून चालणारा व्यवहार, आपुलकी, वगैरे. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, की ह्या गृहस्थांच्या घरात खळ्यावर पाटी घेऊन कोण उभं राहिलं होतं? ज्यांच्या आया रास मापून घेणाऱ्या होत्या त्यांनाच आपुलकी दिसते. ज्यांच्या आया उन्हात उभ्या होत्या, त्यांना ऊन आठवतं.

पण आमच्या दुःखाचं तुणतुणं वाजवून मी थांबलो, तर मीही त्या पुस्तिकेसारखाच अर्धवट वारसा सांगणारा ठरेन. कारण आबांच्या वस्तऱ्याला एक सीमा होती. गावाच्या ओढ्यापलीकडं तो कधी गेला नाही.

ओढ्यापलीकडं महारवाडा. तिथल्या माणसांची हजामत गावच्या न्हाव्यानं करायची नाही, हा गावाचा नियम. म्हशी भादरायला आबांना सांगितलं तर ते भादरायचे, आणि त्याच वस्तऱ्यानं नाही तरी त्याच हातानं पाटलाची दाढी करायचे, विटाळ होत नसे. माणूस शिवला की व्हायचा. तिकडची माणसं एकमेकांची डोकी आपापसांत करायची, मिळेल त्या हत्यारानं.

त्या वस्तीतला एक माणूस फौजेत होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतर आमच्या भागातली बरीच पोरं तिकडं गेली, त्यांतला हा. गावात त्यांना सगळे 'फौजी' म्हणत. आम्ही शेंबडी पोरंसुद्धा त्यांना अरेतुरे करायचो, आणि आमच्या बापाच्या वयाचा तो माणूस 'काय रं बाळा' म्हणून ओ द्यायचा. आज लिहिताना मी त्यांना अहोजाहो करतोय. फार उशिरा करतोय.

आमच्या गावात सेफ्टी रेझर पहिल्यांदा आलं ते फौजींच्या ट्रंकेतून. पाटलाच्या वाड्यात नाही, तलाठ्याच्या घरी नाही, ओढ्यापलीकडं. सुट्टीवर आले की रोज सकाळी बाभळीच्या बुंध्याला हातभर आरसा अडकवायचे, जर्मनच्या मगात पाणी, ब्रशनं फेस, आणि ते तीन भागांचं मशीन. आम्ही पोरं शेरडं घेऊन ओढ्याच्या अलीकडच्या काठावर उभी राहून बघायचो. रोज दाढी करणारा माणूस आम्ही कधी बघितला नव्हता. गावात दाढी पंधरा दिवसांनी, कुणाची महिन्यानं. आणि ज्याच्या गालाला गावचा न्हावी हात लावत नाही, त्याचा गाल गावात सगळ्यांत गुळगुळीत! चावडीवर लोक म्हणायचे, "फौजी लईच सायेब झालाय." त्या बोलण्यात हसू होतं, पण ते हसू दात दाखवणारं होतं.

मी दहा वर्षांचा असेन तेव्हाची गोष्ट. फौजी सुट्टीवर आले होते. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. एका रात्री आमच्या घरामागं, उकिरड्याच्या बाजूला, कोणी तरी खाकरलं. आबा चिमणी घेऊन बाहेर गेले. मी दाराच्या फटीत.

"दादा, मी हाय. फौजी."

"आरं, ह्या येळेला?"

"बाची दाढी लई वाढलीय. खाज सुटलीय, खाजवून खाजवून जखमा झाल्यात. माझ्या मशीननं निघत न्हाय. वाढल्याली केसं पात्यात अडकत्यात. वस्तराच पायजे. तुझा हात हलका हाय."

आबा बोलले नाहीत.

"रातचं ये. कुणाला कळायचं न्हाय. पैशे देतो."

"पैशाचं न्हाय रं," आबा म्हणाले. "गाव मला ठिवल का?"

फौजी थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि गेले. रागानं काही बोलले असते तर मला आज ते इतकं आठवलं नसतं.

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला होता. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्यानंतर आमच्या गावच्या त्या वस्तीनंही मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. देश बदलत होता. पण साठ-सत्तर घरांच्या ज्वारीवर जगणारा माझा बाप रात्रीच्या अंधारातही ओढा ओलांडू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेरडं घेऊन ओढ्याला गेलो. बाभळीखाली पोत्यावर म्हातारा बसवला होता, पाठीला भिंत. फौजींनी आधी मेंढरं कातरायच्या कातरीनं दाढी बारीक केली. मग फेस. मग ते मशीन. चार ओढ्या झाल्या की मशीन उघडायचं, पात्यातले केस मगात धुवायचे, पुन्हा आवळायचं. सुरकुतलेला गाल बोटानं ताणून धरायचा. दोन घटका तरी लागल्या असतील. हनुवटीला एकदा कापलं. रक्ताचा ठिपका आला तो फौजींनी अंगठ्यानं दाबून धरला. शेवटी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि आरसा पुढं धरला. म्हाताऱ्यानं आरशात बघितलं नाही. नुसता गालावरून हात फिरवत बसला.

म्हणून मला 'वारसा' म्हटलं की वेगळंच काही दिसतं. आणि ते एका माणदेशी ओढ्यापुरतं नाही.

हे मशीन काढलं अमेरिकेतल्या किंग कँप जिलेट ह्या फिरत्या विक्रेत्यानं. बाटलीच्या बुचांच्या कंपनीत तो काम करायचा. वापरून फेकून द्यायची वस्तू काढ, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल, हे तो तिथं शिकला. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, त्या वर्षी सगळी मिळून ५१ मशीनं आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा मशीनची किंमत पाच डॉलर होती. मजुराला परवडणारी नव्हे. म्हणजे जन्माला येताना ही वस्तू महागच होती, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या शिपायांसाठी ३५ लाख मशीनं घेतली. शेतकऱ्याची, खाणकामगाराची पोरं खंदकात रोज दाढी करायला शिकली आणि मशीन घेऊन घरी गेली. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, कोणीही ते बनवू लागला, किंमत उतरली. पुढं आपल्याकडंही पाती बनू लागली. कोपऱ्यावरच्या दुकानात, विडीकाडीच्या शेजारी, चार-आठ आण्याला पातं मिळू लागलं. मागणाऱ्याची जात दुकानदार विचारत नव्हता.

ह्या वस्तूचा मोठेपणा इथं आहे. मुलाम्यात नाही, मखमलीत नाही. दुसऱ्याचा हात लागला नाही तरी माणसाला आपलं तोंड आपण स्वच्छ करता आलं. आणि गंमत बघा, तिनं न्हाव्यालाही सोडवलं. लोक घरी दाढी करू लागले, बलुतं आटलं, आबा कुरकुरले, आम्ही दोन वर्षं उपासमार काढली, हे खरं. पण त्याच आटण्यामुळं माझा चुलता तालुक्याला गेला, खुर्ची टाकली, दर लिहिलेली पाटी लावली. पैसे टाका, बसा. त्या खुर्चीत आज कोणीही बसतो. पुतण्या समोर नवं पातं फोडून दाखवतो, कोण कुठला विचारत नाही. विचारलं तर दुकान चालणार नाही, हे त्याला कळतं.

आता बाजाराची करामत बघा. अमेरिकेत १९७१ मध्ये दोन पात्यांचं मशीन आलं, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. ते सगळं आपल्याकडंही आलं. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं, की एका पात्याचं ते जुनाट, गावठी, कापून घेण्याचं साधन, फेका ते. आम्ही फेकलं. ज्याचं पातं कोणीही बनवत होता ते जाऊन, ज्याची मुंडी एकाच कंपनीची बसते ते आलं. मुंडी महाग. आणि आता पन्नास वर्षांनी तेच एका पात्याचं मशीन मखमलीत घालून 'वारसा' म्हणून पाच हजारांना परत. आमच्याच घरातलं भांडं चोरून नेऊन, कल्हई करून, आम्हालाच विकायचं, असा हा प्रकार.

पोराशी ह्यावरून फोनवर वाद झाला. तो म्हणाला, "अण्णा, प्लॅस्टिकचा कचरा तरी होत नाही." बरोबर आहे. मी ते मानतो. पण दीडशेच्या मशीननंही तो होत नाही. तो म्हणाला, "चांगली वस्तू महाग असतेच." असू दे की. ज्याला परवडते त्यानं घ्यावी, कारागिराला चार पैसे जास्त मिळत असतील तर आनंदच आहे. पण मग पुस्तिकेत धातू किती, कोन किती, वॉरंटी किती, एवढंच छापावं. आजोबांना मध्ये आणू नये. कोणाच्या आजोबांना आणताय? माझा आजा वस्तरा धरून उकिडवा बसायचा. फौजींचा बाप वाढलेल्या दाढीनं कुढायचा. खुर्चीत मागं रेलून दाढी करवून घेणारा आजोबा गावात एखादाच होता. त्या एकट्याच्या आठवणीला सगळ्यांचा वारसा म्हणायचं आणि वर त्याची किंमत लावायची, ह्याला मी लबाडी म्हणतो.

आणि वारसाच सांगायचा तर आमच्या वस्तऱ्याचा एक वारसा मी सांगतो, जो कुठल्या खोक्यावर छापत नाहीत. १८९० मध्ये मुंबईत, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र जमले आणि त्यांनी ठरवलं, की विधवा बायकांचं केशवपन आम्ही करणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसांनी गिऱ्हाईक सोडलं. वस्तरा चालवण्याइतकीच वस्तरा खाली ठेवण्याचीही परंपरा आमची आहे. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. म्हातारपणी वाचून कळलं. आबांना तर कधीच कळलं नाही. कळलं असतं तर त्या रात्री ते ओढ्यापलीकडं गेले असते, असं मी म्हणत नाही. मुंबईतली माणसं शेकड्यांनी होती. आबा एकटे होते. पण 'नाही' म्हणणारे न्हावी होऊन गेलेत, एवढं तरी त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

पहिल्या पगारात मी एक सेफ्टी रेझर आणलं तेव्हा आबांनी त्याला हात लावला नाही. "खेळणं हाय," म्हणाले. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले आणि स्वतःची दाढी जमेना. दुसऱ्या न्हाव्याकडं जायची त्यांना लाज. मग दर रविवारी मी त्यांना ओसरीवर बसवून त्याच मशीननं त्यांची दाढी करायचो. डोळे मिटून बसायचे. माझा हात चुकला की नुसती भुवई हलायची.

एका रविवारी फेस लावलेला असताना, डोळे तसेच मिटलेले ठेवून म्हणाले, "त्या फौजीच्या बाला कापलं-बिपलं न्हवतं न्हवं?"

मध्ये पंचवीस-सव्वीस वर्षं गेली होती. मी ओढ्यावरून बघून आलो होतो हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हा ते काही न बोलता पट्ट्यावर वस्तरा घासत राहिले होते.

"न्हाय आबा," मी म्हणालो. "न्हवतं कापलं."

त्यांनी मान थोडी वर केली, गळ्याची दाढी करायला सोपी जावी म्हणून. त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

धाकट्याला हे सगळं मी परवा फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, मशीन परत करू का? अजून मुदत आहे." मी म्हणालो, नको. हातात चांगलं बसतंय. ती पुस्तिका मात्र मी फाडून चुलीत घातली, आणि पाती संपली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून साधं पाकीट आणलं. दुकानदार फौजींचा नातू आहे. पाच पात्यांचं पाकीट, पंचवीस रुपये. मी तीस दिले, त्यानं पाच परत केले.